ओटीटीला फिल्म द्यायचीय? मग सगळं सुटं ठेवा

सोलापुरात आता फिल्म करणारी पोरं लई झालीत. कुणी विडी कामगार बायकांवर डॉक्युमेंटरी करतंय, कुणी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत घडणारी लव्हस्टोरी, कुणी पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पूर्ण दोन तासांचा सिनेमा. कॅमेरा भाड्यानं मिळतो, एडिटिंग लॅपटॉपवर होतं, नट इथलेच. मग सगळं झालं की प्रश्न येतो, जो मला कुणी ना कुणी विचारतंच, की फिल्म रेडी आहे, ओटीटीला टाकायची कशी? रेडी म्हणजे काय विचारलं तर पेनड्राइव्ह पुढं येतो. त्यात एक एमपीफोर फाईल, तीन-चार जीबीची, टीव्हीला लावली तर मस्त चालते.

ती फाईल बघायला चांगलीच असते, पण तेवढ्यावर प्लॅटफॉर्मचं काम होत नाही. त्यांना चित्र वेगळं हवं असतं, डायलॉग वेगळे, म्युझिक आणि इफेक्ट वेगळे, स्क्रीनवरची अक्षरं वेगळी, सबटायटल वेगळे, आणि प्रत्येक गोष्टीचे कागद वेगळे. जेकार्ड मागावर चादर विणून झाली की तिच्यातला लाल धागा तेवढा काढून निळा घाला म्हणलं तर निघतो का? एमपीफोर म्हणजे ती विणून झालेली चादर. म्हणून डिलिव्हरी, म्हणजे फिल्म प्लॅटफॉर्मच्या हातात देणं, हे शेवटच्या आठवड्यातलं काम नाही, पहिला शॉट घ्यायच्या आधीच ठरवायचं काम आहे, आणि या सगळ्या लेखात मला सांगायचंय ते एवढंच की शेवटपर्यंत सगळं सुटं ठेवा. आता का आणि कसं ते बघू.

आधी हे समजून घ्या की तुम्ही फाईल दिल्यावर तिकडं काय होतं. तुमची फाईल जशीच्या तशी प्रेक्षकाला कधीच जात नाही. प्लॅटफॉर्म तिच्यापासून ढीगभर कॉप्या बनवतं, ४के टीव्हीसाठी एक, १०८०ची एक, ७२०, ४८०, नेटवर्क अगदीच खराब असेल तर त्याच्याही खालची, आणि परत कोडेक, म्हणजे फाईल दाबायच्या पद्धती, वेगवेगळे, जुन्या फोनला एच.२६४, नव्या टीव्हीला एचईव्हीसी किंवा एव्ही१. मग प्रत्येक कॉपीचे काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि ॲप तुमच्या नेटचा स्पीड बघत बघत ठरवतं की पुढचा तुकडा कुठल्या कॉपीतला उचलायचा. ॲपलची एचएलएस ही पद्धत २००९ची आहे, एमपेग-डॅश २०१२मध्ये स्टँडर्ड झालं, आज जवळजवळ सगळं या दोन्हींवर चालतं. अक्कलकोट रोडला बसमध्ये रेंज कमी झाली की चित्र जरा धूसर होतं पण अडकत नाही ते याच्यामुळं. त्यावर, कुणी चोरून कॉपी करू नये म्हणून, डीआरएमचं कुलूप लागतं, वाइडव्हाइन, फेअरप्ले, प्लेरेडी अशी नावं आहेत, पण ते काम त्यांचं, तुम्हाला डोकं लावायची गरज नाही.

तुम्हाला डोकं लावायचंय ते याच्यात, की या सगळ्या कॉप्या तुमच्या एका मास्टरपासून, म्हणजे तुम्ही दिलेल्या मूळ फाईलपासून, निघणार. मास्टरच आधी दाबून बारीक केलेला असेल तर दाबलेलं परत दाबलं जातं आणि मग घाण दिसायला लागते. साध्या एमपीफोरमध्ये बहुतेक वेळा ८ बिट रंग असतो, म्हणजे लाल-हिरवा-निळा प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. १० बिटमध्ये त्याच १०२४ होतात. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावरचं आकाश शूट केलंय, वरून खाली रंग हळूहळू बदलतोय, तिथं ८ बिट दाबलेल्या फाईलमध्ये आकाशात पट्टे दिसतात. गड्ड्यातलं शोभेचं दारूकाम तर अजून अवघड, कारण काळं आकाश आणि हजार ठिणग्या, प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमपेक्षा वेगळी, आणि कॉम्प्रेशनचा सगळा धंदाच "आधीच्या फ्रेमसारखं काय आहे" हे शोधण्यावर चालतो. टॉवेलची बारीक वीण, चौकड्याच्या लुंग्या, मागावरचा ताणा, हे पण असंच. लांबून शूट केलं तर त्यावर लाटा लाटा दिसतात, त्याला मॉयरे म्हणतात, आणि तो एकदा रेकॉर्ड झाला की पोस्टमध्ये, म्हणजे शूटनंतरच्या कामात, नीट जात नाही. शूटला असतानाच मॉनिटरवर झूम करून बघायचं आणि कॅमेरा जरा पुढं-मागं किंवा फोकस एखाद्या केसाएवढा हलवायचा.

म्हणून मास्टर मागतात तो साधारण ॲपल प्रोरेस ४२२ एचक्यू या कमी दाबलेल्या फॉरमॅटचा किंवा त्याच्या वरचा. ही फाईल केवढी होते बघा. यूएचडी, म्हणजे ३८४० बाय २१६०, सेकंदाला २४ फ्रेमला एका तासाचे ३१८ जीबी होतात. दोन तासांचा सिनेमा ६३६ जीबी. पेनड्राइव्हवाल्या एमपीफोरशी तुलना केली तर धक्का बसतो, पण फिल्ममधली माहिती नीट जपायची तर एवढी जागा लागतेच. १०८०मध्ये केलं तर याच्या साधारण चौथा हिस्सा. आणि एक मेहरबानी करा, एमपीफोरला परत प्रोरेसमध्ये एक्सपोर्ट करून "घ्या मास्टर" म्हणून देऊ नका, फाईल मोठी होते पण गेलेली माहिती परत येत नाही आणि क्यूसीवाल्याला, म्हणजे तिकडं फाईल तपासणाऱ्याला, ते पाच मिनिटांत कळतं. मास्टर नेहमी एडिटिंगच्या मूळ टाइमलाइनवरून काढायचा.

आता फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. याच्यावर जास्त बोलतो कारण इथल्या जेवढ्या फिल्म मी परत आलेल्या बघितल्या त्यात हे दुखणं सगळ्यात जास्त. सिनेमा म्हणलं की २४ फ्रेम हे सगळ्यांना माहीत असतं. भारतातला टीव्ही २५चा. अमेरिकेत २३.९७६ आणि २९.९७ असले आकडे चालतात, ते १९५३मध्ये तिकडं रंगीत टीव्ही आणताना सिग्नलच्या अडचणीमुळं झालेलं आहे, आपल्याशी काही संबंध नाही, पण सॉफ्टवेअर उघडलं की कधी कधी तोच आकडा डिफॉल्ट म्हणून बसलेला असतो आणि पोरं तसंच पुढं जातात. प्लॅटफॉर्मचं म्हणणं सरळ आहे, ज्या फ्रेम रेटला शूट केलं त्याच फ्रेम रेटला द्या, बदलून देऊ नका. २४चं २५ केलं, ३०चं २४ केलं की सॉफ्टवेअर दोन फ्रेम एकमेकांत मिसळून नवीन फ्रेम बनवतं. माणूस हलला की त्याला भुतासारखी सावली दिसते. क्यूसी रिपोर्टमध्ये "ब्लेंडेड फ्रेम्स" म्हणून लिहून येतं आणि फिल्म परत.

यात दोन गोष्टी जास्त घात करतात. एक मोबाईल. फोन व्हेरिएबल फ्रेम रेटला शूट करतो, म्हणजे कधी २९ फ्रेम, कधी ३०, उजेड कमी झाला की अजून कमी, आणि लांब शॉटमध्ये ओठ एकीकडं आवाज एकीकडं होतो. मोबाईलवर शूट करायला माझा अजिबात विरोध नाही, पण फ्रेम रेट लॉक करणारं ॲप वापरा. दुसरं म्हणजे ड्रोनवाला आणि सेकंड कॅमेरा. मेन कॅमेरा २५ला, ड्रोनवाल्यानं भुईकोट किल्ल्यावरचा शॉट ३०ला घेतला, कुणी त्याला सांगितलंच नाही. शूटच्या सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांचा फ्रेम रेट एका माणसानं स्वतः बघायचा. नुसतं विचारून चालत नाही.

मग २४ का २५? यंत्रमागाच्या शेडमध्ये जाऊन बघा, वर ट्यूबलाईटी. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं तर सगळं जमून येतं, फ्लिकर होत नाही. २४ला शूट करायचं असेल तर शटर अँगल १७२.८ अंश ठेवा, तो पण १/५०च होतो. १८० ठेवलं तर शेडमधला उजेड श्वास घेतल्यासारखा हलताना दिसू शकतो, आणि तो काढणं लई जिवावर येतं. थिएटरची आशा असेल तर २४ ठेवा, कारण थिएटरचा डीसीपी, म्हणजे प्रोजेक्टरला द्यायचं फाईलींचं पॅकेज, मुळात २४वर चालतो. फक्त ओटीटी आणि यूट्यूब असेल तर २५ला काहीही हरकत नाही.

डीसीपीचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगतो, थिएटरला गेलेला डीसीपी ओटीटीला तसाच चालत नाही. त्याचा रंग एक्सवायझेड नावाच्या पद्धतीत असतो, प्रोजेक्टरसाठी केलेला. घरातल्या टीव्हीसाठी रेक ७०९ नावाच्या पद्धतीत ग्रेड, म्हणजे रंग बसवायचं काम, वेगळं करावं लागतं. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र, मागितलं तर अजून वेगळं, त्यासाठी मास्टरिंग मॉनिटर साधारण १००० निट्स उजेडाचा लागतो, आणि तो असलेल्या जागी जाऊन ग्रेड करावं लागतं, घरच्या लॅपटॉपवर अंदाजानं एचडीआर करू नका. पहिल्या फिल्मला कुणी एचडीआरची सक्ती करत नसेल तर साधं एसडीआर नीट करा, त्यात काही कमीपणा नाही.

आवाज. इथं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि इथंच फिल्म "लोकल" वाटायला लागते. थिएटरचा मिक्स मोठ्या हॉलसाठी केलेला असतो, हळू डायलॉग लई हळू आणि धडाम लई मोठं. घरी तोच लावला की माणूस हातात रिमोट धरून बसतो, डायलॉगला वाढव, गाण्याला कमी कर. म्हणून घरासाठी वेगळा मिक्स करायचा, त्याला निअरफील्ड मिक्स म्हणतात. आवाजाची पातळी मोजायला आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयटीयू बीएस.१७७०, आणि त्यावर प्रत्येकाचा आकडा ठरलेला आहे. नेटफ्लिक्सला डायलॉगच्या हिशोबानं उणे २७, दोन इकडं-तिकडं चालतं, आणि पीक उणे २ डेसिबलच्या वर नको. युरोपातल्या ब्रॉडकास्टचा आकडा उणे २३. यूट्यूब जास्त मोठा आवाज साधारण उणे १४पर्यंत खाली ओढतं. म्हणजे एकच मिक्स सगळीकडं टाकला तर कुठंतरी तो चुकीचा बसणारच. मीटर बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये असतो, कानावर विश्वास ठेवू नका, मीटरकडं बघा. आणि आवाजाचं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला, हे पहिल्या दिवसापासून.

आता एम अँड ई. म्युझिक अँड इफेक्ट्स. हा एक वेगळा ट्रॅक असतो ज्यात फिल्ममधलं सगळं ऐकू येतं, फक्त माणसांचं बोलणं सोडून. पावलं, दार, रिक्षा, भांडी, मागाचा खडखडाट, बॅकग्राउंड म्युझिक, सगळं. याचा उपयोग डबिंगला. आपल्या सोलापुरात तर हे पटकन समजायला पाहिजे, कारण इथं एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी ऐकू येते. पूर्व भागातल्या विणकर घरातली गोष्ट तुम्ही सांगितली तर तिचा तेलुगू प्रेक्षक तयारच आहे, अक्कलकोट रोडनं पुढं गेलात की कन्नड प्रेक्षक तयार आहे. पण उद्या कुणी तेलुगू डबिंगचे हक्क मागितले आणि तुमच्याकडं एम अँड ई नसेल तर काय? शेडमध्ये लोकेशन साउंड घेतला, त्यात नटाचा आवाज आणि मागाचा आवाज एकातच मिसळलेला. डायलॉग काढला की माग पण गेला, आणि नायिका मुक्या शेडमध्ये तेलुगू बोलतेय असं वाटतं. म्हणून डायलॉग झाला की त्याच जागी, कुणी न बोलता, चालू मागाचा आवाज दोन-तीन मिनिटं वेगळा रेकॉर्ड करा, मग बंद शेडचा पण करा. बाजाराचा करा, घराचा करा. जमलं तर मागच बंद करून डायलॉग घ्या आणि मागाचा आवाज नंतर खाली घाला. पावलं आणि कपड्यांची सळसळ वगैरे फोलीवाल्याकडून करून घ्यायला पैसे लागतात, ते बजेटमध्ये आधीच धरा. माझ्या मते एम अँड ईवर खर्च केलेला रुपया ड्रोनवर खर्च केलेल्या रुपयापेक्षा जास्त कामाला येतो.

स्क्रीनवरच्या अक्षरांचंही तेच. "सोलापूर, १९३०" असं तुम्ही सुरुवातीला टाकलं, खाली किल्ला दिसतोय. दुसऱ्या भाषेत फिल्म जाणार असेल तर ते लोक तिथं त्यांच्या लिपीत टाकणार, त्यासाठी खालचा शॉट अक्षरांशिवाय हवा. याला टेक्स्टलेस म्हणतात. सुरुवातीची टायटलं, शेवटची, मधे जिथं जिथं अक्षरं आली ते सगळे शॉट अक्षरांशिवाय, वेगळे. टाइमलाइनवर अक्षरांचा ट्रॅक वेगळा ठेवला असेल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे, नसेल तर सगळं परत.

सबटायटल चित्रावर चिकटवून देऊ नका. वेगळी फाईल द्यायची, एसआरटी किंवा टीटीएमएल, जी मागतील ती. त्याचे नियम असतात, उदाहरणार्थ नेटफ्लिक्सच्या इंग्लिश सबटायटलला एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, दोनच ओळी, आणि एक सबटायटल जास्तीत जास्त ७ सेकंद. मराठी बोलणं भराभर असतं, त्यामुळं शब्दाला शब्द लिहायला गेलात तर वाचणाऱ्याचा जीव जातो, बोलण्यातला अर्थ पकडून कमी शब्दांत लिहावं लागतं. हे काम इंग्लिश चांगलं येणाऱ्या भाच्याला फुकटात देऊ नका, जो दोन्ही भाषेत रमतो अशाला पैसे देऊन द्या. "काय बे" चं काय करायचं हे मशीनला कळत नाही.

मराठी सबटायटल देणार असाल तर युनिकोडमध्येच टाइप करा. आपल्याकडं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेच्या दुकानात अजून जुने फॉन्ट चालतात, त्यात टाइप केलेलं त्या कॉम्प्युटरवर छान दिसतं आणि दुसरीकडं नुसती इंग्लिश अक्षरांची भेळ होते.

आणि एक गोष्ट जी सोलापूरच्या फिल्मला हमखास लागते. फिल्म मराठी आहे, पण सासू मधेच तेलुगूत बोलते. मराठी प्रेक्षक सबटायटल बंद करून बघतोय, त्याला ती ओळ कळली पाहिजे. अशा ओळींची वेगळी छोटी फाईल असते, तिला फोर्स्ड नॅरेटिव्ह म्हणतात, ती आपोआप दिसते, बटण दाबायची गरज नाही. कुठल्या तेलुगू ओळी समजल्या पाहिजेत आणि कुठल्या मुद्दाम कळू द्यायच्या नाहीत हे दिग्दर्शकानं ठरवायचं असतं. सुनेला सासू काय म्हणाली ते कळत नाही हाच सीन असेल तर तिथं सबटायटल देऊ नका, आणि तसं लिहून कळवा, नाहीतर तिकडचा माणूस "ओळ राहिली" म्हणून स्वतः घालेल.

एवढे सगळे सुटे तुकडे एकत्र कसे पाठवायचे, तर त्यासाठी आयएमएफ नावाचं पॅकेज आहे. एसएमपीटीई या संस्थेचं २०६७ नंबरचं स्टँडर्ड. यात चित्राची फाईल वेगळी, प्रत्येक भाषेचा आवाज वेगळा, सबटायटल वेगळे, आणि एक छोटी यादी असते, सीपीएल, तिच्यात लिहिलेलं असतं की कुठल्या व्हर्जनला कुठली फाईल कितव्या फ्रेमपासून वाजवायची. उद्या कन्नड आवाज आला तर फक्त तो आवाज आणि नवी यादी पाठवायची, ६०० जीबीचं चित्र परत पाठवायचं नाही. नेटफ्लिक्ससारखे मोठे लोक हेच मागतात. आयएमएफ घरी बनवायच्या नादाला पहिल्यांदाच लागू नका, हे काम करणाऱ्या लॅब मुंबईत, हैदराबादमध्ये, चेन्नईत आहेत. पण लॅबला पण तुमच्याकडून तुकडे सुटेच लागतात, विणलेली चादर तिथंही चालत नाही. छोट्या प्लॅटफॉर्मना मात्र प्रोरेस, आवाजाच्या वेगळ्या वेव्ह फाईली आणि सबटायटल एवढं पुरतं.

मग क्यूसी. आधी सॉफ्टवेअर बघतं, मग माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघतो. मधेच एक काळी फ्रेम राहिली, मेलेला पिक्सेल चमकतोय, क्लॅपचं टोक फ्रेममध्ये आलं, मायक्रोफोन दिसला, आवाज फाटला, डावा-उजवा चॅनल उलटा झाला, सगळं टाइमकोडसकट लिहून येतं. सुरुवातीला कलर बार, काउंटडाउन नको असतात. स्क्रीनवर फोन नंबर, वेबसाईट, "सबस्क्राईब करा" हे पण नको. जोरात लुकलुकणारा उजेड वेगळा तपासतात, कारण सेकंदाला तीनपेक्षा जास्त झटके आले तर फोटोसेन्सिटिव्ह अपस्मार असलेल्या माणसाला फिट येऊ शकते. डीजेच्या लाईटमधला नाच, वेल्डिंग, दारूकाम, असे सीन लांब असतील तर एडिटमध्येच जरा आवरा.

तंबाखूचा नियम सोलापूरकरांनी नीट वाचावा. केंद्र सरकारनं ३१ मे २०२३ला नियम काढले आणि १ सप्टेंबर २०२३पासून ते ओटीटीला लागू झाले. तंबाखूचे पदार्थ किंवा त्यांचा वापर दाखवला तर कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि मधे किमान ३० सेकंदांचे आरोग्य स्पॉट, शिवाय किमान २० सेकंदांचं दुष्परिणाम सांगणारं निवेदन, आणि पदार्थ दिसतोय तेवढा वेळ खाली ठळक इशारा, पांढऱ्यावर काळी अक्षरं, फिल्मच्याच भाषेत. आता तुम्ही कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलात डॉक्युमेंटरी केली, बायका सुपात पानं-तंबाखू घेऊन दिवसभर विड्या वळताहेत, तर तिथं कुणी विडी ओढत नसलं तरी पदार्थ दिसतोच आहे. कायद्यानं हे घालायची जबाबदारी प्लॅटफॉर्मची, पण तो इशारा खाली येणार हे धरून फ्रेम लावा, बाईचे हात अगदी तळाला ठेवले तर नेमके तेच झाकले जातील. आणि ब्रँडचं नाव, कंपनीचं लेबल दिसू देऊ नका.

सेन्सॉरचं विचारतात सगळे. फक्त ओटीटीवर येणाऱ्या फिल्मला सीबीएफसीचं, म्हणजे सेन्सॉर बोर्डाचं, सर्टिफिकेट कायद्यानं लागत नाही, थिएटरला लागतं. ओटीटीला २०२१चे आयटी नियम आहेत, त्यात प्लॅटफॉर्म स्वतःच वय ठरवतं, यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए. तरी करारात सर्टिफिकेट मागितलं असेल तर द्यावं लागतं, म्हणून करार वाचा.

कागद. भल्या भल्या फिल्म इथं अडकतात. प्लॅटफॉर्म विचारतं की ही फिल्म तुमचीच आहे कशावरून? मग कथा लिहिणाऱ्यापासून शेवटच्या नटापर्यंत सगळ्यांचे सहीचे करार दाखवावे लागतात. मित्रानं कथा दिली, "आपलंच आहे रे" म्हणाला, हे तिथं चालत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७चा, म्हणतो की हक्क लेखी आणि सहीनिशीच जातात. आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. जगभर दाखवणारं प्लॅटफॉर्म असा करार का घेईल? म्हणून करारात साफ लिहा, किती वर्षं, कुठल्या देशात, स्ट्रीमिंगसकट कुठल्या माध्यमांत. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा थिएटरबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही, तो त्यांचाच राहतो, आणि तसंच असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गाण्यांचं तर फारच सांभाळा. मिरवणुकीत शूट केलं, मागं डीजेवर हिट गाणं वाजतंय, तुम्ही ते लावलेलं नाही, पण तुमच्या फिल्ममध्ये ते आहे आणि त्याचे हक्क कुणाच्या तरी कंपनीकडं आहेत. हॉटेलमधला टीव्ही, रिक्षातला रेडिओ, नायकाची रिंगटोन, सगळं मोजलं जातं. इथंही उपाय तोच, आवाज सुटा असेल तर ते गाणं काढून तुमच्या संगीतकाराचं घालता येतं, नाहीतर अख्खा सीन जातो. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हलगी, संबळ लाइव्ह वाजवणाऱ्या कलाकारांचा आवाज घेणार असाल तर त्यांची पण लेखी परवानगी घ्या आणि त्यांना पैसे द्या.

द्यायचं कुणाला? नेटफ्लिक्स ओळखीशिवाय आलेलं काही बघत नाही, ते एजंट, निर्माता किंवा अशाच कुणामार्फत येतं, ज्याचं त्यांच्याशी आधीपासून काम चालू आहे. म्हणून छोट्या निर्मात्यांसाठी मधले लोक असतात, ॲग्रीगेटर. काही आधी फी घेतात, काही कमाईतला वाटा. सही करायच्या आधी तीन गोष्टी विचारा, हक्क किती वर्षांसाठी बांधले जाणार, क्यूसीत फिल्म परत आली तर दुसऱ्या वेळचा खर्च कुणाचा, आणि हिशोब किती महिन्यांनी आणि कशाच्या पुराव्यासकट मिळणार. तोंडी "नेटफ्लिक्सला लावून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४मध्ये वेव्हज सुरू केलंय, मराठी प्लॅटफॉर्म आहेत, यूट्यूब तर आहेच, आणि विषय खास सोलापूरचा असेल तर तिथूनही फिल्म लांब जाते.

शेवटी फाईल पाठवणं. ६३६ जीबी, आणि तुमचा अपलोड स्पीड खरोखर १०० एमबीपीएस मिळत असेल तरी चौदा तास लागतात, २० मिळत असेल तर सत्तर तासांच्या वर. मधे लाईट गेली की? म्हणून साध्या ब्राउझरनं टाकू नका, तुटलेल्या जागेवरून पुढं चालू होणारं सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्म किंवा लॅब देते ते वापरा. पुष्कळदा सोपं हे की हार्डडिस्क घेऊन माणूस रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसवायचा, सकाळी मुंबईत. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालते, जुन्या फॅट३२वर ४ जीबीच्या वरची फाईल बसतच नाही. प्रत्येक फाईलचा चेकसम, म्हणजे सॉफ्टवेअरनं त्या फाईलवरून काढलेला ओळखीचा आकडा, काढून सोबत द्या, म्हणजे तिकडं कॉपी झाल्यावर एक बिट जरी बदलला तरी कळतं. माणूस बसवला तरी दुसरी डिस्क घरीच ठेवायची, दोन्ही एकाच बॅगेत नाही.

आणि फिल्म लाईव्ह झाली म्हणून जागा रिकामी करायला घेऊ नका. दोन वर्षांनी हक्क परत तुमच्याकडं येतील, किंवा हैदराबादचा कुणी तेलुगूसाठी विचारेल, तेव्हा तो पहिला हेच मागणार, टेक्स्टलेस, एम अँड ई, सबटायटल, करार. हे सगळं, प्रोजेक्ट फाईल आणि कॅमेऱ्याच्या मूळ फुटेजसकट, तीन कॉप्यांमध्ये ठेवा, त्यातली एक सोलापूरच्या बाहेर, पुण्यातल्या बहिणीकडं ठेवली तरी चालेल. डिस्कवर तारीख आणि आत काय आहे ते मार्करनं लिहा आणि वर्षातून एकदा लावून उघडते का बघा.